किर्लोस्कर मंडळी : पहिला संच आणि पुढची ये-जा

आपल्या गावात भजनी मंडळ असते, दंडार असते, गणपतीत नाटक बसवणारी तरुण पोरांची मंडळी असते. चार-दोन वर्षे मोठ्या उत्साहात जातात. मग पेटी वाजवणारा नोकरीसाठी परगावी जातो. नाहीतर मुख्य काम करणाऱ्याचे आणि पैसे सांभाळणाऱ्याचे बिनसते. गाव म्हणते, "संपलं आता!" आणि पुष्कळदा खरोखरच संपते.

आज मी आपल्याला एका अशा मंडळीची हकीकत सांगणार आहे, की जिच्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस अडतीस वर्षांच्या अवधीत एकामागून एक तिला सोडून गेला. कोणी अकाली वारला, कोणी रागावून निघाला, कोणाचा कंठ फुटला म्हणून त्याला जावे लागले. तरीही ती मंडळी टिकली, आणि तिने सुरू केलेले संगीत नाटक महाराष्ट्रभर पसरले. ही मंडळी म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळी. तिचे संस्थापक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु मंडळी कशी जमली, कोण आले, कोण गेले आणि का गेले, हे सहसा सांगितले जात नाही. खरा धडा मात्र त्यातच आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला आणि मराठी नाटकाला आरंभ झाला. त्या खेळांत गाणे असे, पण ते गायचा सूत्रधार. पात्रे आपापली भाषणे प्रसंग पाहून आयत्या वेळी बोलत. राम, रावण, सीता रंगभूमीवर उभी असत आणि त्यांचे दुःख, त्यांचा राग पदांतून सांगायचा तो बाजूला उभा असलेला सूत्रधार. ज्या साली हा खेळ झाला त्याच साली धारवाडकडच्या गुर्लहोसूर या गावी अण्णासाहेबांचा जन्म झाला. घरात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांचे वारे. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले. परंतु पुस्तकांपेक्षा नाटकात मन जास्त. त्या उमेदीच्या काळात त्यांनी 'भरतशास्त्रोत्तेजक मंडळी' नावाची एक मंडळी काढलीही होती. ती चालली नाही. मग बेळगावास शिक्षकी, काही काळ सरकारी नोकरी, आणि शेवटी पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनी.

१८८० साली पुण्यात एका पारशी नाटक कंपनीचा 'इंद्रसभा' हा उर्दू खेळ झाला. त्यात पात्रे स्वतः गात होती. तो पाहून अण्णासाहेबांच्या मनाने घेतले, की असे मराठीत का होऊ नये? मात्र त्यांनी परी आणि राजपुत्रांची गोष्ट घेतली नाही. त्यांनी थेट कालिदासाला हात घातला आणि 'शाकुंतल' मराठीत पदांसह लिहावयास घेतले. साकी, दिंडी, कामदा, लावणी, शिवाय कर्नाटकातल्या चाली, असे कीर्तनात आणि घराघरांत लोकांच्या कानावर असलेले संगीत त्यांनी नाटकात आणले. म्हणून पहिल्या दिवसापासून ते ऐकणाऱ्याला परके वाटले नाही.

आता नाटक लिहिले, पण ते गाणार कोण? इथे मंडळीचा पहिला संच जमतो. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोन चांगले गाणारे गृहस्थ अण्णासाहेबांना मिळाले. स्त्रियांची कामे त्या काळी पुरुषच करीत. शकुंतलेचे काम सुरुवातीला शंकरराव मुजुमदार नावाच्या तरुणाकडे आले. हे नाव लक्षात ठेवा, कारण तीस वर्षांनी हेच गृहस्थ आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, आणि तेही अगदी वेगळ्या भूमिकेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सातही अंक अजून तयार झाले नव्हते. जेवढे हाती होते तेवढे घेऊन ही माणसे उभी राहिली.

दोन वर्षांनी अण्णासाहेबांनी 'सौभद्र' लिहिले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि तोही तीनच अंकांचा. पण या दोन वर्षांत संचात एक मोठी भर पडली होती. बडोद्यास पोलिस खात्याच्या कचेरीत कारकुनी करणारा लक्ष्मण बापूजी कोल्हटकर नावाचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा अण्णासाहेबांनी हेरला. आवाज उंच, लांबवर ऐकू जाणारा आणि तरीही गोड. रूपही स्त्रीभूमिकेला शोभेल असे. हेच पुढे भाऊराव कोल्हटकर म्हणून प्रसिद्ध झाले. लोक प्रेमाने त्यांना 'भावड्या' म्हणत. शकुंतला आणि सुभद्रा ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आली आणि मंडळीचे नाव गावोगाव झाले. ज्यांनी आधी शकुंतला केली होती, त्या मुजुमदारांना बाजूला व्हावे लागले, हेही ओघानेच आले. एक माणूस आला की दुसऱ्याची जागा बदलते. हे कोणत्याही मंडळीत चुकत नाही.

यानंतर पहिला मोठा आघात झाला. 'रामराज्यवियोग' या तिसऱ्या नाटकाचे तीन अंक लिहून झाले होते. ते पुरे होण्यापूर्वीच, २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. वय अवघे बेचाळीस. मंडळीचे वय पाच. लेखक तेच, शिक्षक तेच, प्रमुखही तेच. एक माणूस गेला म्हणजे तिन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या. अशा वेळी मंडळी मोडली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु ती मोडली नाही. असे का झाले?

याची दोन कारणे मला दिसतात. पहिले कारण असे, की अण्णासाहेबांनी नाटक कागदावर पक्के करून ठेवले होते. भाव्यांच्या काळातल्यासारखे ते नटाच्या तोंडी आणि सूत्रधाराच्या डोक्यात नव्हते. संवाद लिहिलेले, पदे लिहिलेली, कोणते पद कोणत्या चालीवर हे ठरलेले. लिहिलेली गोष्ट माणसाबरोबर जात नाही. दुसरे कारण म्हणजे त्यांनी माणसे तयार केली होती. बेळगावास शिक्षक असताना गोविंद बल्लाळ देवल हा त्यांचा विद्यार्थी. देवल पुढे मंडळीत तालीममास्तर झाले. नटाने कोठे उभे राहावे, शब्द कसा टाकावा, हे त्यांनी शिकवले. आणि १८९९ साली त्यांनी या मंडळीला 'शारदा' हे नाटक दिले. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याची जी दुष्ट रूढी होती, तिच्यावर या नाटकाने असा प्रहार केला, की ते नाव घराघरांत पोचले. गुरू गेला, पण शाळा चालू राहिली. शिक्षक बंधूंना याचा अर्थ मी निराळा सांगायला नको.

आता आपल्या विदर्भाचा संबंध येतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म नागपूरचा, १८७१ सालचा. पुढे त्यांनी वऱ्हाडात वकिली केली. त्यांचे 'वीरतनय' हे नाटक १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू नाटकांच्या धर्तीच्या चाली आणल्या. साकी-दिंडीला सरावलेल्या कानांना त्या अगदी नव्या होत्या. भाऊराव कोल्हटकरही आता तेहतीस वर्षांचे झाले होते. स्त्रीभूमिका सोडून या नाटकात ते नायक झाले. म्हणजे मंडळी तीच, गाणाराही तोच, पण त्याचे काम पालटले आणि संगीताचा बाजही पालटला.

दुसरा आघात १३ फेब्रुवारी १९०१ रोजी झाला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी भाऊराव वारले. त्यांच्या आवाजासाठी माणसे मैल-मैल चालून येत, म्हणून पुष्कळांना वाटले, की आता किर्लोस्कर मंडळी बंद पडणार. नानासाहेब जोगळेकर पुढे आले आणि त्यांनी नायकाची जागा सांभाळली. स्त्रीभूमिकेसाठी मात्र तोडीचा गाणारा मिळेना. १९०५ साली तो मिळाला. सतरा वर्षांचा नारायण श्रीपाद राजहंस मंडळीत दाखल झाला आणि मिरजेस शकुंतला होऊन उभा राहिला. हेच बालगंधर्व.

आता एक छोटीशी गोष्ट सांगतो, आणि ती खास शिक्षकांसाठी. अण्णासाहेबांच्या वेळी मंडळीत भास्कर बखले नावाचा एक मुलगा होता. 'रामराज्यवियोग' नाटकात तो कैकेयी करी. पुढे वयाप्रमाणे त्याचा कंठ फुटला, आवाज बिघडला, आणि ज्या मुलाचे कौतुक होत होते तोच निरुपयोगी ठरला. अशा मुलाचे काय होते, हे आपण शाळेतही पाहतो. एका परीक्षेत मागे पडला की त्याच्यावर शिक्का बसतो. या मुलाने मंडळी सोडली आणि गाणे शिकण्यासाठी उस्तादांची घरे धरली. बंदे अली खाँ, फैज महंमद खाँ, नत्थन खाँ अशा थोरांकडे वर्षानुवर्षे सेवा करून तो गवयी झाला. हेच भास्करबुवा बखले. आणि १९१६ साली 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना ज्या चाली लागल्या, ज्या ऐकून महाराष्ट्र वेडा झाला, त्या या भास्करबुवांनी दिलेल्या. बालगंधर्वही त्यांना गुरू मानीत. मंडळीतून आवाज गेला म्हणून बाहेर पडलेला मुलगा तीस वर्षांनी गाण्याचा आचार्य म्हणून रंगभूमीकडे परत आला. बाहेर गेलेला माणूस वाया गेला, असे घाईने म्हणू नये ते यासाठी.

आता येऊ फुटीकडे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या गाण्याचे रंग नाट्यपदांत उतरवले. जोगळेकर धैर्यधर, बालगंधर्व भामिनी आणि गणपतराव बोडस लक्ष्मीधर. किर्लोस्कर मंडळीने इतके मोठे यश क्वचितच पाहिले असेल. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नानासाहेब जोगळेकर वारले. टेंब्यांनी पेटी सोडून नायकाची जागा घेतली. कारभार राहिला शंकरराव मुजुमदारांच्या हाती. होय, १८८० साली शकुंतला झालेले तेच मुजुमदार. आता ते मंडळीचे चालक होते.

मतभेद कशावरून झाले? गाण्यावरून नाही, नाटकावरूनही नाही. मालकी आणि कारभार यांवरून झाले. ज्यांच्या नावावर लोक तिकिटे काढीत ते पगारी नोकर, आणि मंडळीवर हक्क दुसऱ्याचा, ही गोष्ट किती दिवस चालणार? दुसरीही बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. चालकाने तीस वर्षे मंडळी ओढली. पावसाळ्यात उत्पन्न नसताना बिऱ्हाड पोसले, गावोगाव सामान हलवले. त्याला वाटणार, की मंडळी माझी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पण हक्क आणि वाटा कोणाचा किती, हे आधी ठरलेले नव्हते. म्हणून १९१३ च्या जुलै महिन्यात बालगंधर्व, बोडस आणि टेंबे हे तिघे बाहेर पडले आणि 'गंधर्व नाटक मंडळी' उभी राहिली.

इथे विलायतेतले एक उदाहरण आठवते. १५९४ साली लंडनमध्ये जी नाटक कंपनी उभी राहिली, तिच्यात शेक्सपियर हा नुसता लेखक नव्हता. तो आणि त्याचे काही सोबती त्या कंपनीचे हिस्सेदार होते. नफा झाला तर वाटून घ्यायचा, तोटा झाला तर वाटून सोसायचा. त्या कंपनीतूनही माणसे गेली. विल केंप नावाचा लोकप्रिय विनोदी नट १५९९ च्या सुमारास निघून गेला. त्याच्या जागी रॉबर्ट आर्मिन आला. केंप नाचणारा, धांगडधिंगा घालणारा. आर्मिन गाणारा आणि चतुर बोलणारा. मग शेक्सपियरच्या नाटकातला विदूषकही शहाणा झाला. 'राजा लियर'मधला तो कडवट सत्य सांगणारा विदूषक आपण सारे जाणतो. माणूस बदलला, त्याबरोबर कलाही बदलली. पण हिस्से आधीच ठरलेले असल्यामुळे घराचा खांब हलला नाही.

आपल्याकडे मात्र घरे वाढत गेली. गंधर्व मंडळीतही तिघांची भागीदारी फार टिकली नाही. १९१५ साली टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी 'शिवराज नाटक मंडळी' काढली. पुढे बोडसही गेले. सारा भार एकट्या बालगंधर्वांवर आला. गाणे अलौकिक, पण हिशेबाकडे लक्ष नाही. पडदे, शालू, दागिने यांवर पाण्यासारखा पैसा गेला आणि मंडळी कर्जात बुडाली.

इकडे किर्लोस्कर मंडळीत काय झाले? तिघे मोठे गेले, पण मंडळी थांबली नाही. राम गणेश गडकरी तरुणपणी या मंडळीत नाटकातल्या मुलांना शिकवणारे मास्तर होते. त्यांचे 'पुण्यप्रभाव' हे नाटक १९१६ साली या मंडळीने केले. दीनानाथ मंगेशकर हा तेजस्वी आवाजाचा मुलगा मंडळीला मिळाला. पण १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बाहेर पडून 'बलवंत संगीत मंडळी' काढली. पुन्हा तेच!

यानंतरचा प्रसंग आपल्या सावनेरचा आहे. दुखणाईत गडकरी नागपूरजवळच्या सावनेर गावी येऊन राहिले होते. २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय तेहतीस. शेवटच्या दिवसांत त्यांनी 'भावबंधन' पुरे केले होते. आता पाहा. 'पुण्यप्रभाव' किर्लोस्कर मंडळीचे. 'एकच प्याला' गंधर्व मंडळीचे, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच ते बडोद्यास रंगभूमीवर आले. 'भावबंधन' बलवंत मंडळीचे. एकाच लेखकाची तीन नाटके तीन मंडळ्यांनी केली, आणि त्या तिन्ही मंडळ्या एकाच घरच्या. घर फुटले नसते तर इतकी नाटके, इतके नट, इतक्या गावांना मिळाले असते का, याचा विचार करण्यासारखा आहे.

मग फूट चांगली म्हणायची की वाईट? एकेका माणसाला तिचा त्रास झाला. जुने स्नेह तुटले. काहींच्या डोक्यावर कर्ज झाले. पण वैर कायमचे राहिले असेही नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन स्पर्धक मंडळ्या एका रंगमंचावर आल्या, आणि ज्या नाटकावर त्या आल्या ते जन्मले होते किर्लोस्कर मंडळीत.

पुढे बोलपट आले. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ सालचा मराठी बोलपट. त्यात हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंब्यांनी केले. दीनानाथांनीही १९३४ च्या सुमारास बोलपट काढायला घेतले. १९३५ साली बालगंधर्व 'धर्मात्मा' या बोलपटात दिसले. फिरत्या संगीत नाटक मंडळ्यांचा तो मोठा काळ संपत आला. पण गाणे संपले नाही. 'सौभद्र' आणि 'मानापमान' यांची पदे आजही मैफलीत गायली जातात, आणि गाणारे पिढीगणिक नवे असतात.

आपल्या विदर्भात या साऱ्या गोष्टी जुन्या पुस्तकातल्या नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात, आजही दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके होतात. वडसा म्हणजे देसाईगंज येथे नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. तेथेही नायक या साली एका मंडळीत, पुढच्या साली दुसऱ्या मंडळीत असतो. तेव्हा १९१३ साली जो प्रश्न पुण्यात उठला तो आपल्या पायाशीही आहे.

तर या हकीकतीतून आपण काय घ्यावे? तीन साध्या गोष्टी सांगतो. आपल्या भजनी मंडळाची पदे, दंडारीची गाणी, गावच्या नाटकाच्या संहिता वहीत उतरवून ठेवा. म्हातारा शाहीर गेला की गाणे गेले, असे होऊ देऊ नका. शाळेतल्या मुलांकडून हे काम सहज होईल. दुसरी गोष्ट, प्रत्येक मुख्य कामामागे एक शिकणारा पोरगा किंवा पोरगी उभी करा. किर्लोस्कर मंडळी देवलांमुळे तरली, हे विसरू नका. आणि तिसरी गोष्ट, पैसा चार आणे असो की चार हजार, कोणाचा किती आणि हिशेब कोणी ठेवायचा, हे पहिल्या दिवशी सर्वांसमोर लिहून काढा. संशयाने जेवढी मंडळे मोडतात तेवढी गरिबीने मोडत नाहीत.

एवढे करूनही कोणी जाईल. जाऊ द्यावा. तो जाईल तिथे आपलेच गाणे घेऊन जाईल. ३१ ऑक्टोबर १८८० च्या रात्री चार अंकांवर उभे राहिलेल्या त्या थोड्या माणसांचे गाणे असेच गावोगाव गेले, आणि म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले.